कुवेतहून वाळू बघायला

मी ऑस्ट्रेलियाला जाणार ही बातमी कुवेतमधल्या आमच्या खैतानच्या इमारतीत पसरली, तेव्हा सगळ्या शेजारणींनी आधी सिडनीचं विचारलं. सिडनी नाही, न्यूकॅसल, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ते इंग्लंडात ना? दोन-तीनदा समजावून सांगितलं, मग कंटाळा आला. असतं बाई इंग्लंडात, म्हणायची आणि भाजीची पिशवी उचलून लिफ्टकडे वळायची.

तर हे न्यूकॅसल ऑस्ट्रेलियातलं. सिडनीहून गाडीने दोन-अडीच तास उत्तरेला, समुद्रकाठी, कोळशाच्या बंदराचं, ना धड मोठं ना धड लहान असं गाव. आमची मुलगी तिथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. एकुलती एक. जन्म कुवेतचा, बारावीपर्यंतची शाळा कुवेतची. पुढे शिकायला तिकडे गेली आणि आता तिकडचीच झाली, असं आपलं आम्ही लोकांना सांगायचो.

जाण्याचं खरं कारण मात्र शेजारणींना सांगितलं नव्हतं. ह्यांची नोकरी सप्टेंबरात संपतेय. आमच्याकडे नोकरी संपली की अकामा संपतो, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि मग तीस वर्षं राहिलेल्या माणसानेही बॅगा भरायच्या. ह्यात कुणाचा दोष नाही. येताना हे माहीत असूनच सगळे येतात. नाशिकला गंगापूर रोडवर एक फ्लॅट घेऊन भाड्याने दिलेला होता, तो रिकामा करून घेतला आणि तिकडे जायचं ठरलं.

एवढंच लेकीला सांगायचं होतं. ती दर फोनवर डिसेंबरचं बोलत होती. डिसेंबरात मी घरी येतेय, माझी खोली आवरू नकोस, शाळेतल्या मैत्रिणीही त्याच सुमाराला येणारेत. आणि मला दिसत होतं की डिसेंबरात त्या खोलीत भलत्याच कुणाचा तरी पलंग असणार आहे. हे काही फोनवर सांगायचं नव्हे, समोर बसवून सांगू, असं हे म्हणाले. मला पटलं. विमान उडालं, जेवणाचे ट्रे आले, आणि ह्यांनी बटर लावता लावता जाहीर केलं, "तूच सांग. तुझ्याशी ती मोकळेपणाने बोलते." नोकरी संपली ह्यांची आणि सांगायचं मी! पण विमानात भांडून जाणार कुठे?

जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो हे आम्हाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंगाला पटणं वेगळं. बाहेर पन्नास डिग्री, एसी धापा टाकतोय, अशा वेळी स्वेटर हातात धरवतसुद्धा नाही. माणशी एक स्वेटर घेतला आणि तोही सुटकेसच्या तळाशी. पोरगी आईबापांना ओळखून होती. विमानतळावर दोन जाड जाकिटं हातावर टाकूनच उभी होती.

पहिल्याच दिवशी तिने दीपगृहाच्या टेकडीकडे नेलं. काय समुद्र होता तो! आमचा कुवेतचा समुद्र गरीब, परातीत पाणी ठेवल्यासारखा. हा मात्र नुसता अंगावर धावून येत होता. लांब क्षितिजावर कोळसा भरायला आलेली जहाजं ओळीने थांबली होती. ह्यांचा जन्म तेलात गेला, कोळशाशी काडीचा संबंध नाही, तरी ती ओळ कशी कमी करता येईल ह्यावर ह्यांनी लेकीला सविस्तर व्याख्यान दिलं. मग खाऊन घेऊ म्हणून जागा शोधली. त्या सगळ्या हिरवळीवर एकच झाड होतं. आम्ही दोघं मुकाट्याने जाऊन नेमके त्याच्या सावलीत बसलो. दातावर दात वाजत होते, हातातलं सँडविच थडथडत होतं, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की उठून उन्हात बसावं. समोर उन्हात पहुडलेली गोरी माणसं आमच्याकडे जरा काळजीने बघत होती.

गाडीचंही तेच. कुवेतमध्ये सावलीतली पार्किंगची जागा म्हणजे लॉटरी. इथे लेक छान उबदार जागेत गाडी लावायला गेली की हे मागच्या सीटवरून ओरडायचे, "अगं, तिकडे सावली आहे!"

आणि बाजार? एके दिवशी मी म्हटलं, संध्याकाळी जरा दुकानं बघू. आमच्या सवयीने दुपारची झोप काढली, चहा झाला, मी पंजाबी ड्रेसला इस्त्री केली आणि सातला निघालो. मुख्य रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानांचे दिवे चालू, दारं बंद. "काही झालंय का गं शहरात?" हे हळूच म्हणाले. लेक म्हणाली, "बाबा, पाचला बंद होतं सगळं. लोक घरी जातात." खैतानला पाच वाजता लोक डोळे चोळत उठतात, दुकानांना खरा रंग चढतो तो रात्री नऊनंतर. घरी जाऊन इतका वेळ करतात तरी काय, हा प्रश्न आम्हाला मुक्काम संपेपर्यंत पडलेला होता.

ती रोज कुठे ना कुठे नेत होती. समुद्राच्या अगदी कडेला सिमेंटचे मोठे हौद बांधलेत, लाटा आत येतात आणि पाणी बदलत राहतं. त्या गारठ्यात माझ्या वयाच्या बायका टोप्या घालून निवांत पोहत होत्या. मला बघूनच हुडहुडी भरली. एका खाडीपाशी पेलिकन पक्षी मासे कापणाऱ्या माणसाभोवती रांग लावून उभे होते. कुवेतला शर्क भागातल्या मासळी बाजारात पापलेट साफ करून घेताना आम्ही जसे उभे राहतो तसेच, आपला नंबर लावून. एका राईत कोआला बघितला. म्हणजे त्याची पाठ बघितली. तो झोपला होता.

प्रत्येक ठिकाणी मी ठरवायची, आता सांगायचं. बंदराच्या लांब बांधावर सुरुवात केली तर वाऱ्याने माझे शब्द माझ्याच तोंडात कोंबले. पेलिकनपाशी सुरुवात केली तर ती फोटो काढायला पळाली. कोआलापाशी जरा शांतता होती, तर ह्यांनीच मध्ये तोंड घातलं, की हा प्राणी एवढा झोपतो, ह्याला नोकरीवर कोण ठेवेल. नमनालाच घडाभर तेल जात होतं. ह्यांच्याकडे डोळे वटारले की हे लगेच दुसरीकडे समुद्र बघायचे. तिकडे समुद्र सगळीकडेच आहे, त्यामुळे ह्यांची फार सोय झाली.

मग ते गीझरचं झालं. कुवेतबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार नळाखाली हात धरवत नाही. म्हणून मे महिना लागला की आम्ही गीझर बंद करतो. गीझर घरात, एसीत, त्यामुळे त्यातलं पाणी निवतं, आणि मग गार पाण्यासाठी गरम नळ सोडायचा. खैतानमधलं शेंबडं पोरही हे जाणतं. तर हे पहाटे उठले, कपाटातल्या बटणांत गरम पाण्याचं बटण चालू दिसलं. जून महिन्यात गीझर चालू! ह्यांनी तत्परतेने बंद केलं आणि वीज वाचवल्याच्या समाधानात परत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक इस्पितळात जायच्या घाईत न्हाणीघरात शिरली आणि आतून जो आवाज आला, तो ऐकून माझ्या हातातलं चहाचं गाळणं पडलं. ती टॉवेल गुंडाळून, निळीजांभळी होऊन बाहेर आली. ह्यांचा चेहरा बघितला. आणि तिला एका क्षणात कळलं. ती तशीच भिंतीला टेकून हसायला लागली, हसता हसता खालीच बसली.

"बाबा, जूनमध्ये गीझर बंद केलात ना?"

ह्यांनी मान डोलावली.

"मीही केला होता. इथल्या पहिल्या हिवाळ्यात. माझी रूममेट इतकी भडकली होती. मी तिला एक्स्प्लेन करत राहिले, पण तिला कळेचना की गार पाण्यासाठी कोणी गरम नळ का सोडेल." मग डोळे पुसून म्हणाली, "इथे कुणालाच कळत नाही."

ती कामावर गेली आणि मी पोळ्या लाटायला घेतल्या, पण मनात तेच घोळत राहिलं. आम्ही म्हणत होतो ती तिकडची झाली. डोंबलाची तिकडची! अंगात नुसतं कुवेत भरलंय पोरीच्या. आता हिला सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं.

शनिवारी तिने सकाळीच गाडी काढली. कुठे नेतेयस, तर सरप्राइज आहे म्हणे. तासाभराने उतरलो आणि समोर बघतो तर वाळू. नुसती वाळू. समुद्राला लागून टेकड्याच्या टेकड्या, नजर जाईल तिथवर. त्यावर कहर म्हणजे पायथ्याशी उंट उभे, आणि लोक पैसे मोजून त्यांच्यावर बसत होते.

"अगं बाई," मी म्हटलं, "कुवेतहून आलेल्या माणसांना तू वाळू दाखवायला आणलंस?"

हे तर हसून हसून खोकायला लागले. पण उंट बघून काय संचारलं कोण जाणे. तीस वर्षं ज्यांनी उंट फक्त गाडीच्या काचेतून पाहिला, ते गृहस्थ म्हणाले, मी बसणार. उंटवाला मोठी हॅट घातलेला गोरा माणूस. हे जाकीट सावरत वर चढले आणि उंटाला चल म्हणून हाकारलं, "यल्ला." उंटाने वळूनही पाहिलं नाही. त्याला अरबी येत नव्हती. शेवटी हॅटवाल्याने दोरी ओढली आणि स्वारी डुलत डुलत समुद्राकडे निघाली. जाताना मागे वळून मला डोळ्यांनी खूण केली, की आता सांग. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं जन्मभर, त्या दिवशी बघितलं.

आम्ही दोघी अर्ध्या टेकडीपर्यंत चढून बसलो. वारा सुटला होता, दातांत वाळू कचकच करत होती.

"तुमच्यासाठी नाही आणलं," ती म्हणाली. "मी नेहमी येते इथे. एकटीच. धुळीचं वादळ आलं की तू खिडकीला ओले टॉवेल लावायचीस ना, तेव्हा घरात असा वास यायचा. इथे येऊन तासभर बसते, मग बरं वाटतं."

मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. हे वाक्य मी इतक्या दिवसांत इतक्या तऱ्हांनी घोळवलं होतं, आणि तोंडातून निघालं ते अगदी कोरडं. "बाबांची नोकरी संपतेय. सप्टेंबरात आपण खैतानचं घर सोडतोय. नाशिकला जाणार."

ती उंटाकडे बघत होती, तशीच बघत राहिली.

"कायमचं?"

"कायमचं."

"आणि डिसेंबर?"

"डिसेंबरात नाशिकला ये. आता तेच घर."

"तुमचं घर," ती म्हणाली. "आई, मला नाशिकमध्ये एकटीला रिक्षासुद्धा करता येत नाही. आय डोन्ट नो एनीवन देअर."

"मग कुवेतला ये की कधी. व्हिजिट व्हिसा मिळतो."

"आणि उतरू कुठे? बनेद अल-गारच्या हॉटेलात? आणि मग टॅक्सी करून आपल्या बिल्डिंगखाली जाऊन उभी राहू?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण माझ्याकडे टेकलीही नाही. खाली उंट परत येत होता. हे वरून हात हलवत होते, आम्ही कुणीच हलवला नाही, तरी हलवतच होते.

मग उतरले. फेंगडे पाय टाकत, अंगावर वाळू, चेहऱ्यावर आनंद मावत नाही, अशा थाटात वर चढत आले. जवळ येऊन आमची तोंडं बघितली आणि थांबले. "सांगितलंस?" मला विचारलं. मी मान डोलावली.

"बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पेशंटला कुठे दुखतंय विचारावं तसं तिने विचारलं. "तिथे कायमचं राहता येत नाही हे तुम्हा दोघांना माहीत होतं ना? मग मला तिथे का वाढवलंत?"

ह्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं असतात. जहाजांच्या रांगेचं असतं, कोआलाच्या नोकरीचं असतं. मी वाट बघत राहिले, आता काहीतरी म्हणतील, नाशिकच्या हवेबद्दल, द्राक्षांबद्दल. हे तिच्या शेजारी वाळूत बसले. जाकिटाची चेन वर ओढली, खाली केली.

"आम्हाला वाटलं, दोन वर्षं राहायचंय," हे म्हणाले. "मग आणखी दोन. दर वेळी दोनच वर्षं वाटली गं. त्यातच तू मोठी झालीस."