दादाची सही

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोडदच्या दूध केंद्रात होते. दादानं पाठवलेली नवी फाइल तिथल्या कॉम्प्युटरवर उतरवली होती. केंद्रचालक पडद्यावरचा चेकसमचा लांबलचक आकडा मोठ्यानं वाचत होते आणि मी हातातल्या चिठ्ठीशी ताडून बघत होते. फोन वाजला, मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. ओळ पुरी झाल्याशिवाय मान वर करायची नाही, ही दादाचीच शिस्त. "जुळलं बरं का, ताई," ते म्हणाले, आणि मग मी वहिनींना फोन लावला... चहा पिता पिता दादा कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

माझ्या या थोरल्या भावाचं नारायणगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. जुन्नर-आंबेगावातल्या दूध केंद्रांसाठी त्यानं दुधाचं माप आणि फॅट नोंदवणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. मागं एका केंद्रानं व्हॉट्सॲपवर आलेली, नाव तेच असलेली भलतीच फाइल घातली आणि सगळ्या नोंदी गमावल्या. तेव्हापासून दादाला तपासणीचं वेडच लागलं. फाइलीतलं एक अक्षर जरी कुणी बदललं, तरी तिचा चेकसम, म्हणजे तो लांबलचक आकडा, पार बदलतो. पण आकडाही फाइलीबरोबरच आला तर काय उपयोग? म्हणून फाइल नेटवरून जायची आणि आकड्याची चिठ्ठी दुधाच्या गाडीतून, ड्रायव्हरच्या खिशात. "दोन्ही एकाच हातानं आलं, तर चोरालाच साक्षीला उभं केल्यासारखं हाय," असं तो म्हणायचा. आम्ही त्याला शंकासुर म्हणायचो. वहिनी तर सांगायच्या, "मला बघायला दोनदा आले. एकदा घरच्यांबरोबर, आन् एकदा गुपचूप शेजारणीकडं चौकशीला." पुढे त्यानं प्रोग्रॅमलाच शिकवलं, की माझ्या चावीनं सही केलेली फाइल असेल तरच आत घे. ही चावी म्हणजे कॉम्प्युटरमधलीच एक गुप्त फाइल, आणि ती उघडायचा परवलीचा शब्द फक्त दादाच्या डोक्यात.

तो शब्द त्याच्याबरोबरच गेला. दहाव्या-तेराव्याचे विधी आमच्यात नाहीत. बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली, आणि मी त्याच्या खुर्चीत बसले. केंद्रांवर फॅट मोजायची नवी यंत्रं आली होती आणि जुन्या प्रोग्रॅमला त्यांची भाषा कळत नव्हती. दादाच्या हाताखाली शिकले होते, म्हणून नवी आवृत्ती मी तयार केली. पण ज्या केंद्रावर घालावी तिथं एकच उत्तर, 'सही ओळखीची नाही'. दूध संघाचे अध्यक्ष म्हणाले, "ती तपासणीच काढून टाका की, ताई. भाऊ गेले आता." ती काढली असती तर दादाचं काय उरलं असतं? मग मी माझी चावी केली. केंद्रचालकानं स्वतः मान्य केली, तरच प्रोग्रॅम नवी चावी घेतो, म्हणून तिची ओळख पटवायला गावोगाव निघाले. बोरी बुद्रुकवाले म्हणाले, खोडदनं घेतली का? खोडदवाले म्हणाले, तळेघरनं घेतली की आम्ही घेऊ. कुणाचं चुकत नव्हतं, सगळे दादाचेच चेले. दादानं कुलूप असं घट्ट लावलं होतं, की घरचं माणूसच बाहेर राहिलं. रडू यायच्या आधी मला त्याचा रागच आला.

शेवटी तळेघर गाठलं. तिथलं केंद्र हौसाबाई चालवतात. दुपारी पोहोचले, परतीची गाडी संध्याकाळीच होती. दोन हातांचा नियम मलाही पाठ होता. फाइलीसारखाच चावीलाही आकडा असतो, तो मी वहिनींकडे ठेवला होता. हौसाबाईंनी त्यांच्या फोनवरून वहिनींना गाठलं. वहिनींनी वाचायला सुरुवात केली... चार आकडे, थांबा, पुन्हा चार. अगदी दादासारखं.

"वाचायची रीत भाऊंचीच हाय," हौसाबाई म्हणाल्या. "पर रीत जुळून भागत न्हाई, ताई. आकडं बगू द्या."

आकडे जुळले. माझी चावी कॉम्प्युटरनं घेतली, नवा प्रोग्रॅम सुरू झाला, आणि मी हुश्श करून पिशवी उचलली.

"थांबा," हौसाबाई म्हणाल्या. "भाऊंची जुनी चावी काडायची ऱ्हायली."

"राहू द्या ना. कुणाचं काय अडतंय?"

"आसं कसं? बिनधन्याची चावी म्हंजी उगडं दार, त्यांनीच सांगितलं व्हतं. मी काडू, का तुमी काडताय?"

पडद्यावर दादाचं नाव होतं आणि खाली विचारलं होतं, 'ही ओळख कायमची पुसायची?' पळून तरी कुठं जाणार, गाडी संध्याकाळीच होती. मी 'होय' दाबलं. हौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि चुलीवर चहा ठेवला.

तळेघरनं घेतली म्हटल्यावर खोडदनं घेतली, मग बाकीच्यांनीही. दादाचं काम टिकवायचं तर गावोगाव त्याचं नाव माझ्याच हातानं पुसत जायचं, दुसरी वाट त्यानं ठेवलेलीच नाही. आता फक्त बोरी बुद्रुक राहिलंय. दोन्ही तालुक्यांत तेवढा एकच कॉम्प्युटर अजून दादाची सही ओळखतो. तिथून रोज फोन येतो, "ताई, कधी येताय?" मी म्हणते, येते... उद्या येते.