गोजरबाईंचे गाल

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत गोजरबाईंची सून ही एक दंतकथा होती. प्रत्यक्षातली मेघा शांत बाई. पतसंस्थेत नोकरी करते, येताना भाजी आणते, गल्लीतून जाताना सगळ्यांना जयभीम घालते. गोजरबाईंच्या तोंडून ऐकलेली मेघा मात्र सासूला कालची भाकरी देते, वरणातली डाळ नवऱ्याला वाढते आणि वरचं पाणी सासूच्या ताटात ओतते.

ही कथा दर रविवारी विहाराच्या पायऱ्यांवर पुढं सरकायची. वंदना झाली, प्रवचन झालं की पांढऱ्या साड्यांतल्या आज्या बाहेर येऊन बसत. आत करुणेवर बोलणं ऐकायचं आणि बाहेर सुनांवर बोलायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गोजरबाई या बैठकीच्या कायम अध्यक्ष, कारण त्यांचा पुरावा त्यांच्या तोंडावरच होता. गाल आत गेलेले, हनुवटी पुढं आलेली. खरं तर बाई मुळातच काडी. नवरा मोतीराम चितेगावच्या कंपनीत कामाला होते तेव्हाही त्या अशाच होत्या. फक्त तेव्हा खापर सासूवर फुटायचं.

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. दोन्ही खांदे, कंबर, मांड्या, सगळीकडं कुणीतरी सिमेंट ओतून ठेवल्यासारखं. दुपारपर्यंत जरा सैल व्हायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा स्लॅब तयार. हात डोक्यापर्यंत जाईना म्हणून मेघा कामावर जाण्याआधी त्यांची वेणी घालू लागली. त्या रविवारी पायऱ्यांवर बातमी गेली की सून केस उपटते.

गरम विटेचा शेक झाला, फुलंब्रीचा मालिशवाला झाला. तो चोळून गेला आणि गोजरबाई पूर्वीपेक्षा जास्त कण्हू लागल्या. सगळ्यांनी वयावर बोट ठेवलं. शेवटी त्यांचा मुलगा राजेंद्र त्यांना संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. बाईंनी रक्त तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं : पॉलिमायल्जिया ऱ्युमॅटिका. गोजरबाई खूश झाल्या. पायऱ्यांवर शेजारी बसणाऱ्या आवडाबाईंना नुसती शुगर होती, त्यांच्यापुढं हे नाव म्हणजे खानदानी काम. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या माणसांवर धावून जाते, असं डॉक्टरांनी समजावलं. गोजरबाईंना दुसरा कुठला आजार शोभलाही नसता.

औषध स्टेरॉइडचं. राजेंद्र घाबरला, त्यानं ही गोष्ट फक्त जिममधल्या पोरांच्या संदर्भात ऐकली होती. डॉक्टर म्हणाल्या, आईला काही कुस्ती खेळायची नाही, रोज सकाळी नाश्त्यानंतर गोळी घ्यायची. वर्षभर तरी चालेल, हळूहळू कमी करू, पण मनानं बंद करायची नाही.

गोळीनं कमाल केली. दोन-तीन दिवसांत गोजरबाई गच्चीवर गोधड्या झटकताना दिसल्या. पाठोपाठ बाकीची वरातही आली. झोप उडाली, मग पहाटेच भांडी घासायला लागल्या. बडबड वाढली, ती आणखी वाढू शकते हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. शुगर जरा वर गेली आणि जिलेबी बंद झाली. भूक तर अशी की दोन भाकरी खाऊन ताट धुवायच्या आत तिसरीची चौकशी. मेघा बिचारी ज्वारीचं पीठ मळतच राहायची.

आणि मग गाल आले. आधी खड्डे भरले, मग डोंगर उभे राहिले. तोंड पुनवेच्या चांदासारखं गरगरीत झालं. डॉक्टर म्हणाल्या, गोळीमुळं होतं, डोस कमी झाला की उतरेल. पण हे पायऱ्यांना कोण सांगणार? आमच्याकडं सुनेचा निकाल सासूच्या गालांवर लागतो. आवडाबाईंनी सगळ्यांदेखत गोजरबाईंची हनुवटी धरून तोंड फिरवून पाहिलं आणि जाहीर केलं, "मेघानं सोनं केलं गं तुझं. उगंच बदनाम करीत होती गरिबाला."

गोजरबाईंनी गोळीचं कारण सांगून पाहिलं, पण कुणी ऐकेना. गोळीनं माणूस वाळतो, फुगतो कुठं, असं आवडाबाईंचं मत पडलं. इतक्या वर्षांचं अध्यक्षपद गेलं. बाया मेघाला वाटेत थांबवून शाबासकी देऊ लागल्या.

गोजरबाईंनी निर्णय घेतला. रोज सकाळी मेघासमोर गोळी तोंडात टाकायची, जिभेखाली धरायची आणि ती वळली की कोरफडीच्या कुंडीत थुंकायची. गाल उतरले की सुनेचं नाव उतरेल.

गाल उतरायच्या आत गोजरबाईच उतरल्या. काही दिवसांत सिमेंट परत आलं, वर चक्कर, उलट्या आणि अंगात काडीचा जीव नाही. मेघानं आणि राजेंद्रनं उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मेघाला बाहेरच थांबवलं, तेव्हा कुठं गोजरबाईंनी गोळ्या थुंकल्याचं कबूल केलं. डॉक्टर भडकल्या. म्हणाल्या, बाहेरून माल येत होता म्हणून शरीरानं स्वतःचा स्टेरॉइडचा कारखाना थंड ठेवला होता. तुम्ही मालही तोडलात. जीव गेला असता.

घरी आणल्यावर मेघा त्यांची वेणी घालत बसली. गुंता सोडवत तिनं विचारलं, "आत्या, गोळ्या का थुंकल्या?"

गोजरबाईंनी खरं ते सांगून टाकलं. ही घटना दुर्मीळ होती.

"तुझं नाव व्हायला लागलं होतं," त्या म्हणाल्या.

मेघाचा हात थांबला. ती रडते की हसते हे पाहायला गोजरबाईंना मान वळवता येत नव्हती.

"मग माझं नाव घालवा की खुशाल," मेघा म्हणाली. "पण गोळी खाऊन घालवा."

"हे असलं तोंड घेऊन? कोण इसवास ठेवील?"

"ते तुम्ही बघा. तुम्हाला काय शिकवायचं?"

गोळी पुन्हा सुरू झाली, सांधे सुटले, गाल शाबूत राहिले. बरं वाटल्यावरच्या पहिल्या रविवारी मेघा सासूला विहारात घेऊन आली. वंदना झाली आणि गोजरबाई आपल्या जुन्या जागेवर बसल्या. आवडाबाईंनी गालांचं कौतुक सुरू करताच त्यांनी आवाज खाली घेतला.

"कौतुक कशाचं करता? मारायला निघालीय मला. खाऊ घालू घालू मारतीय. शुगर वाढली, रक्तदाब वाढला, डाक्टरनी कमी खा म्हणून सांगितलं, पर ती ऐकती का? उठलं की समोर ताट."

बाया पुढं सरकून ऐकू लागल्या. हा गुन्हा नवीन होता आणि पुरावा समोर दिसत होता. उपाशी ठेवणाऱ्या सुना सगळ्यांकडं होत्या. असली कुणाकडंच नव्हती. आवडाबाईंनी कपाळाला हात लावला आणि आपोआप एक पायरी खाली सरकल्या.

तेवढ्यात मेघा पिशवीतून डबा आणि पाण्याची बाटली काढत आली.

"आत्या, सकाळी घाईत खाल्लं नाय तुम्ही. आधी हे धपाटं संपवा, मग गोळी."

गोजरबाईंनी मोठा घास तोडला आणि भरल्या तोंडानं बायांकडं वळल्या.

"बघा. चारचौघांत बी सोडत नाय."