हारातला टॉवेल

उदयसिंह मुंबईला जायला निघाला तेव्हाचं भांडण साऱ्या गल्लीनं ऐकलं. शेजारची शिवबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. सुपाच्या आवाजात एखादा शब्द हुकला असता तर पुन्हा कोण सांगणार होतं?

"तोंड देखणं हाय म्हनून निगालास व्हय?" आबासाहेब गरजत होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे चार माग होते आणि पोरगा हा एकच. "माग कोन बगनार? तुजी आई?"

"तुमी बगा की. मला टीव्हीत जायचंय."

"तितं तुज्यासारकी पोरं चुलीत घालाय हायेत."

"असत्यात की. पर असलं नाक न्हाय एकाचंबी."

तशी आतनं बजाबाई म्हणाली, "नाक माज्या माहेरचं हाय. ते तरी माघारी घिऊन ये, म्हंजी झालं."

खोटं कशाला बोला, पोरगा होताच तसा. देवानं त्याला घडवताना दुसरं काम हाती घेतलं नसावं. तो टँकरजवळ उभा राहिला तर बायका हंडा भरायचं विसरायच्या. मुंबईत मात्र असली तोंडं पायलीला पन्नास. कित्येक वर्षं तो हिरोच्या मागं सरबताचा ट्रे धरून उभा राहिला. मग एका मालिकेत त्याला थोरल्या भावाचं काम मिळालं. गल्लीनं पेढे खाल्ले. पेढ्याची गोडी जिभेवर असतानाच थोरला भाऊ गाडीखाली गेला. मालिकेत, म्हणजे. राहिला तो त्याचा फोटो, दिवाणखान्याच्या भिंतीवर, चंदनाचा हार घातलेला. मालिका काही केल्या संपेना. रोज संध्याकाळी कुणीतरी त्या फोटोपुढं रडायचं, आणि इकडं सोलापुरात बायका भाकरी थापता थापता डोळ्याला पदर लावायच्या. फोटो कामावर आणि उदयसिंह घरी बसून, असं ते चाललं.

आबासाहेब गेले तेव्हा तो परतला आणि माग हाती घेतले. कार्डावर 'उद्योजक' छापून घेतलं. टॉवेलवाल्याचा जीव लग्नसराईत. पाव्हण्याला टॉवेल-टोपीचा आहेर केल्याबिगर आपल्याकडं लग्न लागत नाही. गिऱ्हाइकानं ओळखावं म्हणून उदयसिंहानं पाकिटावर आपला फोटो घालायचं ठरवलं. आणि फोटो कुठला? तोच, भिंतीवरचा. हार तेवढा काढून टाकला. बजाबाईला म्हणाला, "घराघरात ह्योच वळकीचा हाय."

ओळखीचा होताच. दुकानदार रुद्रप्पानं पाकीट उलटंपालटं केलं आणि पुढं सरकवून दिलं.

"ह्ये मेलेला माणूस की वो! लग्नात कोण घेनार?" मग जरा विचार करून म्हणाला, "दहाव्याला चालतंय बगा. दहाव्याला लई चालंल."

आणि लई चालला. खांदेकऱ्यांना द्यायचा असो, दुखवट्याला न्यायचा असो, माणसं दुकानात 'हारातला' म्हणून मागून घ्यायची. उदयसिंहानं फोटो काढला, रंग बदलला, पाकीट बदललं. नाव काही हटेना. मागांना उसंत नव्हती, पण त्याचा टॉवेल एकाही मांडवात शिरला नाही. लग्न त्याचं स्वतःचंही झालं नाही. सांगोल्याला मुलगी बघायला गेला, तर मुलीच्या आजीनं चहाच्या आधी विचारलं, "तुमी मेला व्हता न्हवं?" त्यानंतर त्याची आस एवढीच राहिली: एकदा, एका लग्नात, आपला टॉवेल कुणाच्या तरी खांद्यावर पडावा.

धाकटी बहीण वैजयंती अकलूजला, उसाच्या घरात दिलेली. तिच्या ऋतुजाचं लग्न ठरलं. सख्खा मामा म्हणजे उदयसिंहच. त्यानं मागाजवळ स्वतः उभं राहून व्याह्यासाठी टॉवेल काढला, मोतिया रंगाचा, काठाला जरीची वेल. त्यावर ना पाकीट, ना नाव.

मांडवाच्या दारातच वैजयंतीनं त्याला बाजूला घेतलं.

"दादा, आलास, बरं झालं. पर ऋतुजाच्या मागं मामा म्हनून श्रीमंत उबा राहील." श्रीमंत म्हणजे चुलत भाऊ. "तिकडची मान्सं असलं लई बगत्यात."

"मी जित्ता हाय, वैजे."

"मला ठावं हाय की. त्यास्नी कसं सांगू? मन मोटं कर."

त्यानं टॉवेल तिच्या हातात दिला. "ह्यो तरी दे व्याह्यास्नी."

"देते की," ती म्हणाली.

मांडवात मात्र त्याच्याभोवती हीऽऽ गर्दी. मालिकेतले भाऊसाहेब! जो तो मोबाइल काढून गळ्यात हात टाकायचा. नवऱ्याची मावशी लांबून ओरडली, "फोटो काडा, पर नवरा-नवरीला लांब ठिवा आदी!" सगळे हसले. उदयसिंहही हसला, हसण्याचे पैसे एके काळी घेतलेलेच होते.

अक्षता पडल्यावर तो बाहेर आला. वरातीच्या गाडीचा ड्रायव्हर मोतिया टॉवेलानं बॉनेट पुसत होता. जरीची वेल चिखलात लोळत होती.

"लई पानी वडतोय," ड्रायव्हर खुशीत म्हणाला. "नवरीच्या आईनं दिला. कुटला म्हनायचा?"

"घरचा," उदयसिंह म्हणाला.

वर्ष उलटायच्या आत वैजयंतीची सासू गेली. लगोलग फोन आला. "दादा, खांदेकऱ्यास्नी, भावकीला टॉवेल लागत्यात. बाहेरनं कशाला घ्यायचं? तुजंच आन. तुज्यासारका माल कुनाचा न्हाई."

ते त्याचं शेवटचं पोचवणं. पुढच्याच आठवड्यात तो मागांच्या खडखडाटात खाली बसला तो उठलाच नाही. पण अकलूजला त्यानं सगळं नेहमीसारखं केलं. गठ्ठा गाडीला आवळून नेला. दारात चपला काढल्या. वैजयंती गळ्यात पडून रडली, तिला पोटभर रडू दिलं. ओसरीवर टॉवेलांच्या घड्या सारख्या करून ठेवल्या, ऐनवेळी कमी पडू नयेत म्हणून थोडे जास्तीचे टाकले. चहाला नको म्हणाला. दुखवट्याच्या घरातनं निघताना 'येतो' म्हणत नाहीत. तोही म्हणाला नाही. दोरी गुंडाळून खिशात घातली, गाडीला किक मारली आणि सोलापूरच्या रस्त्याला लागला.