मानेतलं जास्तीचं हाड

तीर्थपुरीच्या हायस्कुलात मी एकवीस वर्षं गणित शिकवलं. फळ्यावर कंपास न लावता वर्तुळ काढायचो आणि त्याची दोन टोकं बरोबर जुळायची. शाळेत माझा काही लौकिक होता तर तेवढाच. एका वर्षी दिवाळीनंतर ती टोकं जुळेनाशी झाली. खडू बोटांतून सुटायला लागला. सदऱ्याची बटणं लावताना घाम फुटायचा. एकदा आठवडी बाजारात भाजी घेऊन पुढं गेलो, तर मागून मेथीवाली बाई ओरडली, "सर, चप्पल राह्यली की तुमची!" खाली पाहिलं तर डावा पाय अनवाणी. दहा-बारा पावलं चाललो होतो, पायाखाली खडे होते, आणि मला पत्ता नव्हता. आजूबाजूचे हसले, मीही हसलो.

जालन्याच्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्सरे पाहिला आणि मानेचं सीटी स्कॅन करून आणायला सांगितलं. मी एकटाच गेलो होतो. बायको अंगणवाडीत सेविका आहे, तिची त्या दिवशी तालुक्याला मीटिंग होती. ती मीटिंग बुडवायला तयार होती, पण मीच म्हणालो, "साधी तपासणी आहे. तू येऊन काय करतीस?"

स्कॅनची खोली तळघरात होती आणि तिथं बर्फासारखा एसी लावलेला. चष्मा, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवायला लावली. एका अरुंद फळीवर झोपवलं. ती फळी सरकत सरकत मोठ्या कड्यासारख्या यंत्रात गेली. मशीनवाला काचेमागून म्हणाला, "काका, थुंकी गिळायची न्हाई. बिलकुल हलायचं न्हाई." त्यानं सांगेपर्यंत मला गिळायची गरज नव्हती. सांगितल्याबरोबर तोंडात थुंकी साचली. कडं घरघर फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली आणि पेनानं दाखवलं. मणक्यांच्या मागून एक पट्टी जाते, रबरासारखी मऊ. माझी ती पट्टी मानेत चार मणक्यांएवढी हाड झाली होती. पांढरं, जाड, जिथं नको तिथं वाढलेलं हाड. ते मज्जारज्जूला दाबत होतं.

"जागा निम्मी पण उरली न्हाई, सर. ऑपरेशन लागंल. मी संभाजीनगरला चिठ्ठी देतो. उशीर करू नका."

"धोका आहे का?"

"मानेचा मामला आहे. हातपाय जाऊ शकतात. पण न्हाई केलं तरी जाणारच आहेत. आणि तवर मानेला झटका बसता कामा नये. मालिश न्हाई, कुणाकडून मान मोडून घ्यायची न्हाई."

ते एवढं सगळं बोलले, पण माझ्या कानात एकच राहिलं: ऑपरेशनमध्ये हातपाय जाऊ शकतात. बसस्टँडच्या बाकावर बसून मी रिपोर्ट दोनदा वाचला. इंग्रजी माझी बरी आहे. शेवटच्या ओळीत तातडीनं मणक्याच्या सर्जनला दाखवा असं ठळक अक्षरात होतं. चिठ्ठी फाडून मी बाकाखाली टाकली. रिपोर्ट मात्र फाडवला नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको माझ्याआधी आलेली होती. पदराला हात पुसत तिनं विचारलं, "काय म्हणले?"

"थोडा गॅप आहे. या वयात सगळ्यांनाच असतो. व्यायाम सांगितलाय."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

लोक विचारतात, का लपवलं? शाळेची जबाबदारी, म्हाताऱ्या आईची काळजी, अशी कारणं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितली. खरं कारण एकच होतं. मी भ्यालो. माझ्यासोबतचे एक शिक्षक कमरेच्या ऑपरेशनला चालत गेले होते आणि स्ट्रेचरवर परत आले होते. त्यांना बघायला गेलो तेव्हा त्यांच्या अंगावरची माशी मी हाकलली होती. रिपोर्ट आणि फिल्म मी कपाटात जुन्या कागदांखाली ठेवली आणि दीड वर्ष कपाटाचा तो कप्पा उघडला नाही.

त्या दीड वर्षात बायकोनं काय केलं नाही? मिठाचा शेक दिला. मेडिकलमधून मानेचा पट्टा आणला. मोबाईलवर बघून बघून व्यायाम शिकली आणि रोज सकाळी अंगणवाडीला जायच्या आधी माझ्यासमोर बसून स्वतः करून दाखवायची, म्हणजे मला कंटाळा येऊ नये. फरक पडत नव्हता. पाय जड होत चालले होते. शेवटी ती म्हणाली, "वडीगोद्रीच्या पलीकडं एक हाडवैद्य आहेत. माझ्या मावशीचा खांदा त्यांनीच बसवला. गॅपच आहे तर ते बराबर बसवतेन."

मी नको म्हणालो. ती म्हणाली, "का नको? कारण सांगा." कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो आणि तिनं तो होकार धरला.

हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड होतं. बाहेर बाकड्यावर पाच-सहा माणसं नंबर लावून बसलेली. आमचा नंबर आला. वैद्यानं मला चटईवर उताणं झोपवलं आणि बायकोला म्हणाला, "ताई, तुमी पाय धरा, घट." ती माझ्या पायाशी बसली. तिनं दोन्ही घोटे धरले. त्या माणसाचा एक तळवा माझ्या हनुवटीखाली आला, दुसरा डोक्यामागं. "अंग ढिलं सोडा," तो म्हणाला. जालन्याच्या डॉक्टरांचं वाक्य मला जसंच्या तसं आठवत होतं. तोंड उघडून 'थांबा' एवढं म्हणायचं होतं. मी अंग ढिलं सोडलं.

काडकन आवाज झाला. मानेतून विजेचा लोळ खाली पायाच्या अंगठ्यांपर्यंत गेला. बायकोच्या चेहऱ्यावर हसू होतं. तिला वाटलं, बसलं. मला उठवायला दोन माणसं लागली. गाडीपर्यंत पाय फरफटत गेले. त्या दिवसापासून हातात काठी आली आणि महिनाभरात शाळा सुटली.

माझा धाकटा भाऊ जपानात इंजिनिअर आहे. आठ वर्षं झाली. एकदा व्हिडिओ कॉलवर मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला त्यानं पाहिला.

"दादा, हात कामून कापून राह्यले तुझे?"

"गॅप आहे रे."

"गॅपनं असं होत न्हाई. हिकडं ये. माझ्या गावात मोठं हॉस्पिटल आहे. तिकडं तू स्वतःहून कुठंच जाणार न्हाईस, मला म्हाईत आहे."

त्याला वाटलं, मी कुरकुर करीन. मी लगेच हो म्हणालो. का, ते आज लिहायला हरकत नाही. तिथं सगळं नव्यानं तपासलं गेलं, की आजार तिथंच सापडला असं होणार होतं. जुना रिपोर्ट कुणी विचारणार नव्हतं. गणिताच्या मास्तरानं एवढा हिशेब केला होता. बायकोनं बॅग भरताना कपाट उपसलं आणि दवाखान्याचा दिसेल तो कागद प्लॅस्टिकच्या फायलीत भरला, हे मला ठाऊक नव्हतं.

भाऊ स्वतः न्यायला आला. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसलो, तेव्हा कळलं की या खुर्चीची मला आधीपासूनच गरज होती. त्या हॉस्पिटलात इतकी शांतता होती, की माझ्या काठीचं रबर फरशीवर चिरकायचं त्याचीच मला लाज वाटायची. पहिल्या दिवशी एमआरआय झाला. हाड नीट दिसावं म्हणून दुसऱ्या दिवशी सीटी, मान आणि पाठ दोन्ही. आत जाण्याआधी भावानं दोन शब्द पाठ करून घेतले. "तोमेते म्हणलं की श्वास धर. राकु नि म्हणलं की सोड."

तसंच कडं होतं. तशीच अरुंद फळी. माझ्या हातापायाला हात लावताना तिथली मुलगी दर वेळी मान झुकवून काहीतरी म्हणायची, बहुतेक माफी मागायची. यंत्रातून बाईचा आवाज आला. मी श्वास धरला. धरून राहिलो. मधेच वाटलं, तो दुसरा शब्द येऊन गेला आणि आपल्याला समजला नाही. छाती फुटायला आली तेव्हा तो आला. बाहेर आल्यावर भावाला विचारलं, राकु नि म्हणजे काय? तो म्हणाला, "निवांत व्हा."

डॉक्टर वयस्क होते. ते सावकाश बोलायचे आणि भाऊ मराठीत सांगायचा. पडद्यावर तेच पांढरं हाड होतं. जालन्यात पाहिलेलं मी लगेच ओळखलं. मग डॉक्टरांनी काहीतरी विचारलं.

"आधीचं स्कॅन आहे का म्हणतायत," भाऊ म्हणाला. "तुलना करायला."

"न्हाई," मी म्हणालो.

"अरे, वहिनीनं फाईल दिलीय ना!" त्यानं पिशवीतून फाईल काढली, फिल्म उजेडाला धरली आणि खूश होऊन डॉक्टरांच्या हातात दिली. मग रिपोर्ट उघडून तो त्यांना वाचून दाखवू लागला. पहिल्या ओळी त्यानं मोठ्यानं वाचल्या. शेवटी शेवटी आवाज खाली गेला. शेवटची ओळ त्यानं वाचलीच नाही. कागद गुडघ्यावर ठेवून माझ्याकडं वळला.

"दादा, हे कुणी वाचलं होतं?"

"मी."

"वहिनीनं?"

"न्हाई."

"मंग त्या वैद्याकडं..." त्याचं वाक्य तिथंच तुटलं. डॉक्टर आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी आणखी काही विचारलं. भावानं मला न सांगताच उत्तर दिलं. मी विचारलं, काय म्हणाले? तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मज्जारज्जूवर जखमेचा डाग आहे. मानेला झटका बसला होता का, म्हणले. मी सांगितलं, पडले होते."

माझ्यासाठी तो खोटं बोलला. लहानपणी आंब्याच्या चोरीतसुद्धा तो कधी खोटं बोलला नव्हता.

डॉक्टर पुढं बरंच बोलले. ऑपरेशन करावं, म्हणजे हात वाचतील. पायांचं सांगता येत नाही, गेलेलं बहुतेक परत येणार नाही. दीड वर्षापूर्वी आले असते तर, इथवर भावानं भाषांतर केलं आणि मग केलं नाही. ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने घरची माणसं लागतील, तेव्हा आपल्या मुलखात केलेलं बरं, असंही त्यांनीच सुचवलं. निघताना ते उठून उभे राहिले आणि झुकले. मला झुकता येत नव्हतं.

परत येताना विमानात भाऊ माझ्याशी बोलला, पण पाणी पाहिजे का, उशी पाहिजे का, एवढंच.

संभाजीनगरला ऑपरेशन झालं. चांगलं झालं. हात राहिले. पाय गेले.

मग घरी माणसं भेटायला यायला लागली. येणाऱ्या प्रत्येकाला बायको दारातच रडत सांगायची, "मीच नेलं हो ह्यांना त्या वैद्याकडं. माझ्या हातानं पाय धरले. माझ्याच मूर्खपणानं झालं हे सगळं." पलंगावर पडून मी ते ऐकायचो. अकरा दिवस ऐकलं. भावानं तिला काही सांगितलं नव्हतं, ते माझ्यावर सोडलं होतं. बाराव्या दिवशी गावातल्या विहारातल्या बायका आल्या, त्यांच्यासमोर तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. त्या गेल्यावर मी तिला जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. बाकाखाली टाकलेली चिठ्ठीसुद्धा.

ती पलंगाच्या कडेला बसून होती. तिथूनच म्हणाली, "मला कामून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

"मला भ्या वाटत न्हाई व्हय? मी रोज तुमच्यासमोर बसून व्यायाम केला. तुमी बघत बसले." मग उठली आणि माझी कूस बदलली, कारण वेळ झाली होती.

त्यानंतर ती कुणापुढं रडली नाही. सेवेत कधी कमी पडली नाही. दर दोन तासांनी कूस, लघवीची नळी, अंग पुसणं, सगळं वेळच्या वेळी. फक्त बोलणं कामापुरतं उरलं. एकदा मी विचारलं, "राग गेला का?" चादर नीट करत ती म्हणाली, "राग न्हाई. पण डॉक्टर काय म्हणतेत ते आता मीच ऐकणार."

मागच्या महिन्यात संभाजीनगरला पुन्हा सीटी झालं. मला ढकलत आत नेलं, बाहेर आणलं. मग मला कॉरिडॉरमध्ये सोडून ती फाईल घेऊन एकटीच डॉक्टरांच्या खोलीत गेली. अर्धा तास लागला. एवढा वेळ कशाला लागावा? बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणले?"

"आहे तसंच आहे. चला."

बदनापूरला ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली. तिनं कप आणून माझ्या हातात दिला, बोटं नीट बसली का ते बघितलं, आणि स्वतःचा चहा घेऊन गाडीच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. फाईल तिच्या काखेत होती.