चौथ्या काँप्युटरला डबा नाही

आमच्या टोळक्याने एखादं काम हाती घेतलं की काम अर्धं राहतं आणि किस्से दुप्पट होतात. चिचगडच्या अभ्यासिकेत काँप्युटर बसवायला निघालो तेव्हा वाटलं होतं, दोन रविवारांत आटपेल. आता कुठेही चार जण चहाला बसले की कोणीतरी म्हणतंच, "तो डब्याचा किस्सा सांग ना." कुठला डब्याचा? सगळेच डब्याचे आहेत.

टोळकं म्हणजे तिघं जण. मी, मुर्रीचा पंकज आणि स्वाती. एकाच कॉलेजातून इंजिनिअर झालेलो, आणि गावाकडे काहीतरी करायला पाहिजे या रोगाने एकत्र आलेलो. चिचगडच्या काही पोरी टायपिंगच्या परीक्षेसाठी रोज देवरीला जायच्या. दिवस जाण्यायेण्यात जायचा आणि क्लासमध्ये की-बोर्ड हाती यायचा तो जेमतेम अर्धा तास. त्यांच्यातल्या रोशनीला तर घरून बजावलं होतं, यंदा परीक्षा पास झाली तर ठीक, नाहीतर पोरगा पाहायला सुरुवात. गावाने निधी जमवला होता. आमचं काम एवढंच, की त्यात जास्तीत जास्त मशीन उभ्या करायच्या.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एकच प्रोसेसर बाजारात दोन प्रकारे मिळतो. एक रिटेल, म्हणजे रंगीत सीलबंद डब्यात, सोबत पंखा आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी. दुसरा ओईएम, म्हणजे काँप्युटर बनवणाऱ्यांसाठी घाऊकात निघालेला. त्याला डबा नाही, पंखा नाही, आणि वॉरंटी दुकानदार देईल तेवढी. दुकानात त्याला ट्रे पीस म्हणतात. आतला माल तोच, किंमत कमी. बाकी सुट्या भागांचंही थोडंफार असंच.

सगळं डब्यातलं घेतलं तर तीन काँप्युटर होत होते, ट्रे पीस घेतले तर चार. यात चर्चा करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं. मी तोपर्यंत अभ्यासिकेच्या समितीच्या बैठकीला बसलो नव्हतो.

*

समितीचे अध्यक्ष टेंभरे काका. धानाची शेती, आणि बोलणं असं की समोरच्याने पुढचं वाक्य विसरावं. मी लॅपटॉप उघडून त्यांना अर्धा तास समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे खुला माल आहे."

"खुला म्हणजे, काका, तोच माल—"

"खुलं बियाणं घेतलं आन् उगवलंच नाही, त कोणापाशी जाऊ? थैलीवर लेबल राहते. लेबल घेऊन दुकानदाराच्या उरावर बसता येते."

मला वाटलं, सापडले. म्हटलं, "पण तुम्ही स्वतः तर बाजारातलं बियाणं घेतच नाही. घरचंच पेरता. ते कुठे थैलीत असतं?"

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुह्या घरी पिकते का प्रोसेसर?"

बैठक तिथेच संपली.

*

दुसऱ्या बैठकीला मी तयारीने गेलो. काकांचा पहिलाच प्रश्न, "डब्यावाल्यासोबत पंखा येते म्हणतो ना? मंग ट्रेवाल्याचा पंखा?"

"वेगळा घ्यावा लागतो. त्याचीही किंमत धरली आहे. तरी स्वस्त पडतो." मी हिशेब समोर ठेवला. काकांनी तो बोट ठेवून वाचला, मान डोलावली. "बराबर आहे."

मी स्वातीकडे विजयी नजरेने पाहिलं.

"पण पंखा एका कंपनीचा, प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा," काका म्हणाले. "दोघायचं जमलं नाही त बोलावू कोणाले?"

परतताना स्वाती म्हणाली, "प्रश्न चुकीचा नव्हता हं."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"पंख्याच्या," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. अशा माणसांना घेऊन समाज बदलायचा आहे.

शेवटी तह झाला. गावाच्या निधीतून तीन काँप्युटर, सगळे डब्यातले. चौथा आम्ही तिघं आपल्या खिशातून ट्रे पीसवर उभा करणार, आणि त्याला स्वातीच्या घरचा जुना मॉनिटर लावणार. काका म्हणाले, "तुमचा पैसा, तुमचा खुला माल. मले का करायचं आहे?"

*

मग आम्ही गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदाराला सांगितलं, तीन बॉक्स पीस पाहिजेत. त्याने तीन डबे काउंटरवर ठेवले. डब्यांच्या तोंडाला कंपनीच्या सीलऐवजी साधी सेलोटेप.

"सील तो खुला है," मी म्हणालो.

"चेक करके रखा है भैया. आपकी ही सेफ्टी के लिए."

एक डबा उघडला. आत प्रोसेसर होता, पंखा नव्हता. मी म्हणालो, "ये तो ट्रे पीस है."

"ट्रे पीस ही है," तो शांतपणे म्हणाला. वर फळीवर पाहिलं तर रिकाम्या डब्यांची रांगच लागलेली.

"और दाम बॉक्स का लगा रहे हो?"

"तो बॉक्स दिया ना."

मी ग्राहकाच्या हक्कांवर बोलायला सुरुवात केली. दुकानदार मन लावून ऐकत होता आणि मधूनमधून दुसऱ्या गिऱ्हाइकाला माऊस दाखवत होता. तेवढ्यात पंकजने माझा दंड धरून बाजूला ओढलं.

"अबे, जरा विचार कर. ट्रे पीसच्या भावात दे म्हणू, आन् डब्बे तेवढे मागून घेऊ. गावाच्याच पैशात चार मशीन होतील, आन् काकाले दाखवायले डब्बेही होतील."

मी त्याला म्हटलं, आपण गावाशी खोटं बोलायचं? पंकज म्हणाला, "खोटं कायले बोलायचं? डब्बा टेबलावर ठेवायचा आन् चूप बसायचं."

आम्ही दुसऱ्या दुकानातून सीलबंद माल घेतला. तिथला दुकानदार तिन्ही मशीन जोडत होता तोवर पंकज फुगून बाहेर उभा होता.

*

तसा पंकज मुळात डब्याच्याच पक्षाचा. "डब्बा म्हंजे कुंडली," असं तो म्हणतो. त्याच्या घरच्या काँप्युटरचा मदरबोर्ड एकदा वॉरंटीत असताना गेला. दुकानातून निरोप आला, डब्यासकट आणा. डबा माळ्यावर जपून ठेवलेलाच होता. फक्त मधल्या काळात त्याच्या आईला तो आवडला होता. मजबूत पुठ्ठा, घट्ट झाकण. त्यात तिने वाळवलेली मोहफुलं भरून ठेवली होती.

पंकजने फुलं परातीत ओतली, डबा पुसला, उन्हात ठेवला, आत मदरबोर्ड घातला आणि नेला. काउंटरवरच्या माणसाने झाकण उघडलं, नाक आत घातलं, आणि बोर्डाकडे बघून विचारलं, "कब से पी रहा है ये?"

बोर्ड बदलून मिळाला, नाही असं नाही. पण नवा बोर्ड आला तो नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत. पंकजने विचारलं, "और डब्बा?"

"रिप्लेसमेंट में डब्बा नहीं आता."

म्हणजे डबा दाखवून जे मिळवलं ते बिनडब्याचंच होतं. मी हे त्याला शंभरदा समजावलं आहे. तो म्हणतो, "पण दाखवायले डब्बाच लागला ना?"

*

विंडोजचा प्रश्न आला तेव्हा मला खात्री होती की इथे तरी समिती माझ्या बाजूने असेल. डबा अस्सल पाहिजे, सील अस्सल पाहिजे, बिल अस्सल पाहिजे, म्हणणारी माणसं. मी सांगितलं, लायसन्सही दोन प्रकारचं असतं. रिटेल महाग, पण एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं. ओईएम स्वस्त, पण ज्या मदरबोर्डावर बसलं त्याच्यासोबतच जातं. आपल्याला ओईएम पुरे.

"विकत घ्या लागते?" काका म्हणाले. "ते त पेन ड्राइव्हमधून टाकून देतात ना?"

"ते चोरीचं असतं, काका."

"चालते ना पण?"

"चालतं. पण मग प्रोसेसर सीलबंदच पाहिजे म्हणून इतके दिवस वाद का घातला?"

"डब्बा लोकायले दिसते," काका म्हणाले. "विंडोज कोणाले दिसते?"

यावर मी जे भाषण केलं ते स्वातीला अजून पाठ आहे. ती ते घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणून दाखवते. चारही मशीनवर लायसन्सचं विंडोज आहे, एवढं मात्र नमूद करतो.

*

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही चारही मशीन मांडून, पुसून, चालू करून ठेवल्या. रोशनी आणि बाकीच्या पोरी नवे कपडे घालून आलेल्या. जेवायला म्हणून अर्धा तास बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तर मशीन कोपऱ्यात सरकवलेल्या आणि टेबलावर मधोमध प्रोसेसरचे, मदरबोर्डांचे, मॉनिटरचे रिकामे डबे रचलेले. त्यांना हळदकुंकू, वर झेंडूचा हार.

"काका, यात काही नाहीये."

"फोटोत का समजते?"

उद्घाटनाच्या पाहुण्यांनी डब्यांसमोर नारळ फोडला, डब्यांवर हात ठेवून फोटो काढला, आणि या डब्यांतून उद्याचं चिचगड घडेल असं सांगितलं. मग त्यांनी कौतुकाने विचारलं, "चार आहेत म्हणे काँप्युटर. चौथा कुठे आहे?"

काकांनी आवाज खाली आणला. "आहे साहेब. त्याले डब्बा नाही, म्हणून आत ठेवला."

*

त्यानंतर महिना-दीड महिन्याने मी चिचगडला गेलो. अभ्यासिकेत पोरी एकाच काँप्युटरभोवती गोळा झालेल्या. एक टाइप करते आहे, बाकीच्या आपल्या पाळीची वाट पाहत मांडीवर बोटं आपटताहेत. तो काँप्युटर आमचा, चौथा, बिनडब्याचा. बाकीच्या तिन्ही मशीनवर जुन्या साडीची शिवलेली खोळ आणि खोळीवर ताजं कुंकू.

"बिघडले का?" मी विचारलं.

"नाही दादा," रोशनी म्हणाली. "वॉरंटीत आहेत."

काका आले तेव्हा मी आधीच तापलेलो. "हे बंद का ठेवलेत?"

"बंद कायले म्हणतो? सांभाळून ठेवले. तीन वर्षांची वॉरंटी आहे ना? वापरून बिघडले त?"

"बिघडले तर कंपनी दुरुस्त करून देते. वॉरंटी त्यासाठीच असते."

"म्हंजे वापरले त बिघडतात."

"असं नाही म्हणालो मी."

"कंपनीलेच भरवसा नाही, असं तूच सांगून राहिला."

"आणि तीन वर्षं पोरींनी काय करायचं?"

काकांनी चौथ्याकडे बोट दाखवलं. "हा आहे ना. याची कंपनीची वॉरंटीच नाही, याले कायचा धोका?"

मी म्हटलं, रोशनीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सकाळपासून तिला एकदाच बसायला मिळालं, ते मी आलो तेव्हा. देवरीलाही एवढंच मिळत होतं. मग हा खटाटोप कशासाठी केला आपण?

काकांनी एकदा रोशनीकडे पाहिलं, मग खोळीची कड सारखी केली. "समितीचा ठराव आहे. वॉरंटी आहे तंवर हात नाही लावायचा. मी एकटा कसा मोडू?"

"काका, वॉरंटी वापरल्याने जात नाही हो!" मी खोळ वर केली आणि मशीन फिरवून मागची बाजू दाखवली. दुकानदाराने जोडणी करून देताना स्क्रूवर चंदेरी स्टिकर लावलं होतं. "मशीन कोणी उघडली तर जाते. हे स्टिकर फाटलं तर जाते. एवढंच."

काका वाकून बघायला लागले. मागे टाइप करण्याचा आवाज थांबला.

"हे एवढंसं?" काका म्हणाले.

"एवढंसंच."

मी रागारागात शेवटची गाडी धरली. चारेक दिवसांनी काकांचा फोन आला.

"वॉरंटी गेली," ते म्हणाले. "उंदरानं स्टिकर खाल्लं."

"कोणत्या मशीनचं?"

"तिन्हीचं."

"आणि वायरी?"

"वायरीले तोंड नाही लावलं."

फोनमधून मागचा आवाज येत होता, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, एकदम सगळीकडून. की-बोर्ड.

"समितीले बोलावून दाखवलं," काका म्हणाले. "सगळ्यायनं डोळ्यानं पाह्यलं. आता वॉरंटीच नाही राहिली त झाकून का करू? म्हटलं, बसा पोरीहो."

"काका, अभ्यासिकेत उंदीर आहेत?"

"एक होता," काका म्हणाले. "गेला."