‘वळखलं का?’ विचारायची बंदी

माझ्या हाताखाली डॉक्टरकी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायची बंदी घालतो: “वळखलं का?” मरणाला टेकलेल्या माणसाला हे विचारताना कुणी सापडलाच, तर त्याला परभणीपासून ताडकळसपर्यंत पळवत नेईन, अशी धमकीही देतो. पोरं हसतात. हसोत. आमच्याकडं माणूस जायला लागला की चार तालुके भेटायला लोटतात आणि जो तो त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडतो, “मी कोण, सांगा बरं?” दहावीला एवढ्या तोंडी परीक्षा असत्या तर अर्धा मराठवाडा अजून दहावीतच बसला असता.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका शिकाऊ पोराला घेऊन ताडकळसला गेलो. पोरगा गंगाखेडकडचा, हुशार. पण खाटेजवळ गेला की रोगी सोडून सलाईनच्या बाटलीकडं बघायचा. रोगी म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. कॅन्सर हाडांत उतरलेला. बरं करायचे उपाय संपले होते. शेवटचे दिवस दुखण्यात जाऊ नयेत, एवढंच आमच्या हातात होतं. तेवढं मात्र करायचंच.

अंगणात चपला एवढ्या, की जिंतूरच्या बाजारात दुकान थाटता आलं असतं. थोरला लेक पुढं आला.

“साहेब, कालपासून बाबा कुणालाच वळखंनात. शुद्ध गेली. म्हणून दुखायची गोळी बंद केली. शुद्धच न्हाई तर दुखणार काय? अन् ठसका लागंल ते येगळंच.”

आत थोरल्याच्या राणीसावरगावच्या आत्याबाई भावाच्या खाटेवर ओणवल्या होत्या. “दादा, वळखलं का? मी कोण?” आवाज असा, की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून उत्तर द्यायचा विचार केला. दादांचे डोळे गच्च मिटलेले. पण कपाळावर आठी होती आणि मुठीत गोधडी आवळलेली.

मी पोराला म्हणालो, “आता तू. मी तोंड उघडणार नाही.” मला हे निर्जळी उपासाहून जड जातं.

त्यानं सगळ्यांना ओसरीवर पाठवलं. खाटेशेजारी खाली बसला, हात हातात घेतला. “मामा, मी दवाखान्यातला डॉक्टर. तुम्हाला काहीच विचारणार नाही. नुसता बसतो.” आणि बसला. इतका वेळ बसला, की तेवढ्यात सोयाबीन पेरून, काढून, विकूनही झालं असतं.

एक डोळा उघडला. “गेले का समदे?”

थोरला दारातच थिजला. “बाबा! तुमाला समजायलंय?”

“समदं समजायलंय. उत्तर देऊन देऊन जीव गेला माझा. म्हणून डोळे झाकले, तर तुमी गोळीच तोडली. कंबरंत कुणीतरी पहार घालायलंय रे.”

पोरानं गोळी चमचाभर पाण्यात विरघळवली, मानेखाली हात घालून थेंबाथेंबानं पाजली. म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला.

“डॉक्टर, मी उठतो का यातून?”

थोरला मागून हातवारे करायला लागला: सांगू नका, सांगू नका. पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी वरच्या पत्र्याकडं पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

“नाही मामा,” पोरगा म्हणाला. “उठणं होणार नाही. पण दुखू देणार नाही.”

म्हाताऱ्यानं मान वळवली. मग लेकाला म्हणाला, “ऐकलास? मला ठावं होतं. आता तुलाबी खोटं बोलायचा तरास न्हाई. ये, बस हितं.”

थोरला बसला आणि बापाच्या हातावर डोकं टेकून हमसून रडला.

पोरगा ओसरीवर गेला. “एकेकानं आत यायचं. आपलं नाव आधी सांगायचं, हात धरायचा, गप बसायचं. आणि वेळेची गोळी चुकवायची नाही. डोळे झाकलेले असले तरी.”

आत्याबाई उसळल्या. “कालचं लेकरू, आमाला शिकवायलंय!”

“होय आत्या. पहिला नंबर तुमचाच. या.”

आणि त्या खरंच पदर सावरून, मांजराच्या पावलानं आत गेल्या. मी गाडीचं दार उघडलं, पोराला हाक मारली.

“सर, तुम्ही निघा,” तो म्हणाला. “त्यांची मूठ सैल झालेली बघतो, मग येतो बसनं.”