डाव्या पायावरचा ठोका

माझ्या बायकोचं मत आहे की मी दुधाच्या पिशवीकडेही पंचनामा केल्यासारखा बघतो. मत चुकीचं नाही. सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारताना कोणी अनोळखी माणूस हसून गुड मॉर्निंग म्हणाला, तर पुढची अर्धी फेरी मी याला माझ्याकडून काय हवं असेल याचा विचार करत असतो. पण माझ्या संशयाचा खरा, जुना आणि लाडका विषय एकच. बँडचं रेकॉर्डिंग.

बँड म्हणजे वरातीतला नव्हे. संचलनाचा. पोलिसांचा, शाळेचा, कुणाचाही चालेल, पण पाय आणि सूर एकत्र पडले पाहिजेत. मी स्वतः कधीच काही वाजवलं नाही. शाळेत कवायतीच्या सरांनी मला साधा ट्रँगलसुद्धा दिला नाही, कारण माझा पाय चुकायचा. "तू कडेला उभा राहून बघ," म्हणाले. तेव्हापासून आजतागायत मी कडेला उभा राहून दुसऱ्यांचे पाय बघतोय. पस्तीस वर्षं कचेरीत फायली बघितल्या, त्यातली एक आठवत नाही. पण कुठल्या संचलनात कुठल्या रांगेचा पाय चुकला, ते विचारा.

संचलनाचा पहिला नियम अगदी साधा आहे. पहिलं पाऊल डावं, आणि मोठ्या ढोलाचा ठोका त्या डाव्या पावलावर. ठोका उजव्यावर गेला की बाकी सगळं कितीही गोड वाजलं तरी मुसळ केरात.

आता रेकॉर्डिंगबद्दल. मी सगळे प्रकार घरात बाळगले आणि सगळ्यांशी भांडलो. कॅसेट होत्या तेव्हा फीत ताणली गेली की अख्खी पलटण लंगडायला लागायची, आणि सेल संपत आले की ती चालता चालता झोपायची. मग सीडी आल्या. आवाज स्वच्छ, इतका स्वच्छ की त्यातून बुटांचा आवाजच पुसून टाकलेला. बुटांशिवाय बँड म्हणजे काय, खुर्चीत बसून वाजवलेला बँड. अशी सीडी ऐकताना मला ते लोक बसलेलेच दिसायचे, पंख्याखाली, चहा पीत. मग पेन ड्राइव्हवर हजार धून आल्या आणि एकही नीट ऐकली नाही. आता मोबाइल. त्याच्या त्या एवढ्याशा तोंडातून मोठा ढोल बाहेर येतच नाही, नुसती टकटक येते. आणि व्हिडिओचं तर विचारूच नका. चित्र एका दिवशीचं, आवाज दुसऱ्या दिवशीचा, बिघडलेला भाग कापलेला. मैदानात चुकलं तर चुकलं, ते सगळ्यांसमोर गिळावं लागतं. शिस्त म्हणतात ती यालाच. दहा वेळा चुकून अकराव्या वेळचं पाठवणं याला मी शिस्त म्हणत नाही.

हे सगळं मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी आमच्या भागातल्या रहिवासी मंडळाने मला पकडून परीक्षक केलं. तालुक्यातल्या शाळांच्या बँडची स्पर्धा. पहिली फेरी व्हिडिओवर, त्यातून पाच शाळा निवडायच्या, आणि त्या पाचांनी रविवारी मैदानात प्रत्यक्ष यायचं. मंडळाच्या सचिवबाई म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखा चिकित्सक माणूस हवाच होता." चिकित्सक हा संशयी माणसासाठी राखून ठेवलेला सभ्य शब्द आहे, हे मला कळतं.

परीक्षणाची माझी पद्धत ठरलेली होती. मी लॅपटॉपच्या पडद्याचा वरचा अर्धा भाग वहीने झाकायचो. गणवेश, तुरे, गोड चेहरे, हे सगळं परीक्षकाला फितवायला असतं. मी फक्त गुडघ्यांच्या खालचं बघायचो आणि कान उघडे ठेवायचो. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, निदान पोरींची तोंडं तरी बघा." मी म्हटलं, "तोंडं घरचे बघतील."

नेरे गावाच्या पुढच्या एका लहान शाळेचा व्हिडिओ लागला. सगळा बँड मुलींचा, चालतच पडद्यात शिरणारा. पायात कॅनव्हासचे बूट, काहींचे उसवलेले. पण पाय! बारा जणींचे चोवीस पाय एका दोरीत ओवल्यासारखे. मी खुर्चीत पुढे सरकलो. आणि मग लक्षात आलं की ढोलाचा ठोका उजव्या पायावर पडतोय.

मी पुन्हा लावला. उजव्यावर. तिसऱ्यांदा लावला. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत, एकही अपवाद न करता, उजव्यावर.

आता माझं डोकं चालायला लागलं. शिकाऊ पोर चुकते ती कधी इकडे, कधी तिकडे चुकते. इतकं नेमाने कोणी चुकत नाही. म्हणजे आवाज नंतर जोडलाय आणि जोडताना एक पाऊल सरकलंय. मला मनातून आनंद झाला, हे कबूल करतो. चोर सापडल्याचा आनंद. मी शेऱ्यात लिहिलं: "ठोका संपूर्ण वेळ उजव्या पायावर. आवाज मागाहून जोडल्याचा दाट संशय."

सचिवबाई मऊ स्वभावाच्या. त्यांनी शाळेला शेऱ्याचा फक्त पहिला भाग कळवला आणि वर आठ दिवसांची मुदत दिली. दुरुस्त करून पुन्हा व्हिडिओ पाठवा, जमलं तर पाचात घेऊ. नववा दिवस उजाडायच्या आत नवा व्हिडिओ आला. वही लावली, बघितलं. ठोका डाव्या पायावर. अगदी चोख.

दुसरा कोणी असता तर त्याने "शाब्बास" म्हणून गुण दिले असते. मी म्हटलं, आठ दिवसांत? मुरलेली सवय आठ दिवसांत बदलते होय? आवाज एक पाऊल मागे सरकवायला मात्र आठ मिनिटं पुरतात. सचिवबाईंना फोन करून म्हटलं की ही शाळा पाचात घ्यायच्या आधी मी स्वतः जाऊन बघणार, आणि न कळवता जाणार. त्या म्हणाल्या, "काका, मुली डोळ्यात प्राण आणून वाट बघतायत, लवकर काय ते सांगा." शुक्रवारी सकाळी मी शेअर रिक्षात बसलो.

शाळा डोंगराच्या पायथ्याशी, मैदान म्हणजे लाल मातीचा तुकडा. मी फाटकापाशी पोचलो तेव्हा सराव चालूच होता. मी आत न जाता भिंतीआड उभा राहिलो आणि पाय बघायला लागलो.

ठोका उजव्या पायावर.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? व्हिडिओत डावा, मैदानात उजवा. मी तावातावाने आत शिरलो. मुलींना शिकवणाऱ्या बाई पुढे आल्या, तिशीच्या असतील, गळ्यात शिट्टी. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि मुलींना सावधान केलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, मैदानात तुमचा ठोका उजव्या पायावर आहे आणि पाठवलेल्या व्हिडिओत डाव्या. आवाज कोणी सरकवला?"

बाईंना माझं बोलणं कळलंच नाही. "सर, काल तर सगळ्यांनी मिळून बघितलं. डाव्यावरच आहे."

"आत्ता मी डोळ्यांनी बघितलं."

तेवढ्यात मोठा ढोल गळ्यात अडकवलेली मुलगी बोलली. दहावीतली असावी, हडकुळी, ढोलाने तिचं अर्धं अंग झाकलेलं. "सर, आता बरोबर हाय. आदी चुकत व्हता. तुमी मोबाइलमदे बघा ना."

बाईंनी मोबाइल भिंतीच्या कोनाड्यात टेकवून ठेवला, पडदा मुलींच्या बाजूला. त्यांनी एक फेरी मारली, तोंड माझ्याकडे करून. मी समोर उभा राहून बघितलं, ठोका उजव्यावर. मग बाईंनी तेच चित्रीकरण माझ्या हातात दिलं. ठोका डाव्यावर.

माझ्या पायाखालची माती सरकली. आवाज सरकवायला इथे वेळच कुठे होता? मी पुन्हा बघितलं. हातात वही नव्हती, त्यामुळे सगळा पडदा दिसत होता. पाय दिसले, स्कर्ट दिसले, चेहरे दिसले, आणि पुढच्या रांगेतल्या चौघींच्या बासऱ्या दिसल्या. चारही बासऱ्या त्यांच्या डाव्या हाताला गेलेल्या होत्या.

आडवी बासरी वाजवणाऱ्याच्या उजवीकडे जाते. मी वर बघितलं. समोर उभ्या असलेल्या त्या चौघींच्या हातात बासऱ्या होत्या, नीट उजवीकडे.

"हा व्हिडिओ कुठल्या कॅमेऱ्याने घेता?" मी विचारलं.

"सेल्फीच्या," बाई म्हणाल्या. "मागच्या कॅमेऱ्याची काच फुटलीय ना. दुसरा फोन नाही."

त्यांच्या फोनातला तो पुढचा कॅमेरा आरशासारखा होता. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. जसं दाखवायचा तसंच साठवायचा. पहिल्या व्हिडिओत मुलींचा ठोका डाव्या पायावरच होता, जसा असायला हवा तसा. मला तो उजव्यावर दिसला, कारण मी बासऱ्या झाकून पाय बघत बसलो होतो. आयुष्यभर जगाला सांगत फिरलो की रेकॉर्डिंगवर भरवसा ठेवू नका, आणि बारा पोरींच्या पायांवर नाही, तर त्याच रेकॉर्डिंगवर भरवसा ठेवून निकाल लिहिला.

मी ते बाईंना सांगितलं. आडवळण घेतलं नाही, तेवढी लाज शिल्लक होती. "तुमचं आधीच बरोबर होतं. चूक माझी आहे."

बाई ढोलवाल्या मुलीकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "ही सांगत होती हो सर. बाई, माझा ठोका डाव्यावरच पडतो, मला पायात कळतं, म्हणत होती. मीच तिला ओरडले. म्हटलं, तू मोठी शहाणी, परीक्षक खोटं लिहितात का, आणि मोबाइल खोटं दाखवतो का?"

मग कळलं की माझा शेरा आल्यापासून त्यांनी पायांना हात लावला नव्हता, ढोलाला लावला होता. इशारा झाला की मुलींनी पाऊल टाकायचं आणि हिने एक पाऊल थांबून मारायचं. बासऱ्या आणि झांजा ढोलाच्या मागून जातात, म्हणून सगळा भार हिच्या एकटीवर. शाळा सुटल्यावर तिला एकटीला मैदानात चालवायचे. उजव्यावर मारायचं, मग मोबाइलमध्ये डाव्यावर दिसलं का ते बघायचं. दिसेपर्यंत. तिने तळहात दाखवले नाहीत, पण काठी धरायला तिने रुमाल गुंडाळला होता तो मी बघितला.

"आता तुला वाटतं तसं मार," मी तिला म्हटलं. "पहिल्यासारखं. डाव्यावर."

तिने मान हलवली. बाईंनी शिट्टी वाजवली. डावं पाऊल पडलं, ढोल गप्प. उजवं पाऊल पडलं, धम्म.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तिने ठोका डाव्यावर मारला, तो चार पावलं टिकला आणि पुन्हा उजव्यावर गेला. तिसऱ्यांदा ती पायांकडे बघत चालली, तर पायच चुकला आणि मागची मुलगी तिच्यावर आदळली. कोणी हसलं नाही. मी "डावा, डावा" असं ओरडत तिच्या बाजूने चालायला लागलो. कवायतीच्या सरांनी ज्याला ट्रँगल दिला नाही, तो मी. त्याने ती आणखीच गोंधळली.

शेवटी ती थांबली. ढोल पोटावर दोन्ही हातांनी सावरत बाईंना म्हणाली, "बाई, आता पायात काय कळतच नाय."

मी तिथूनच सचिवबाईंना फोन केला आणि ही शाळा पाचात घ्या म्हणून सांगितलं, का ते पण सांगितलं. शाळेला पाचात घेणं माझ्या हातात होतं. तिच्या पायात जे होतं ते परत आणून देणं नव्हतं.

रविवारी त्या मैदानात आल्या. मोठा ढोल दुसऱ्या मुलीच्या गळ्यात होता, साइड ड्रम वाजवणारीच्या. दोन दिवसांत जमेल तसं तिने बसवलं होतं. ठोका डाव्या पायावर, थोडा कच्चा, पण डाव्यावर. त्यांचा तिसरा नंबर आला आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. माझी ढोलवाली शेवटच्या रांगेत होती. तिच्या हातात काही नव्हतं, ती नुसती पावलं टाकत होती.

बक्षीस समारंभ झाल्यावर मुली एकेक करून परीक्षकांच्या पाया पडायला आल्या. मी नको नको म्हणत होतो. तीही आली. मी तिला काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो, दोन दिवस मनात घोकलं होतं. पण ती वाकली, माझ्या पायांना हात लावला, "थँक्यू सर" म्हणाली आणि रांग न मोडता पुढे गेली. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.